नाण्याला भाव धातूचा, नुकसान इतिहासाचे

दुर्मिळ नाण्यांच्या नावाने लाखोंच्या अफवा उठतात, भोळ्या माणसांची लूट होते आणि खरोखर मोलाची नाणी मात्र भंगाराच्या भावाने वितळतात. भंडारा जिल्ह्यासारख्या प्राचीन वारसा असलेल्या भागात या तिहेरी नुकसानीचे मूळ १८७८ सालच्या एका कायद्यात आणि ओळख पटवणाऱ्या यंत्रणेच्या अभावात आहे.

विशेष प्रतिनिधी, मोहाडी

वैनगंगेच्या काठच्या मोहाडी तालुक्यात जमीन सतत उकरली जाते. धानाच्या बांध्यांची नांगरणी, बोड्यांचे खोलीकरण, माजी मालगुजारी तलावांतील गाळाचा उपसा, विहिरींची खोदाई, जुनी मातीची घरे पाडून सिमेंटच्या घरांसाठी खणलेले पाये आणि नदीपात्रातील रेतीचा उपसा असे सारे प्रकार येथे बारमाही चालू असतात. अशा कामांत जुने नाणे हाती लागणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. घरोघरच्या देव्हाऱ्यात आणि जुन्या पेट्यांतही लक्ष्मीपूजनापुरते बाहेर निघणारे राणीछाप रुपये आढळतात.

अशा नाण्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. त्याला तीन वाटा फुटतात. चांदीचे असेल तर ते सराफाकडे मोडीत जाते. तांब्याचे वा मिश्र धातूचे असेल तर मुलांच्या खेळण्यात किंवा भंगाराच्या पोत्यात पडते. आणि ते 'दुर्मिळ' असल्याची कुणकुण लागली, तर लाखो रुपयांच्या आशेने घरात दडवून ठेवले जाते व एखाद्या दलालाच्या जाळ्यात सापडते. शासनाच्या संग्रहालयापर्यंत जाणारी चौथी वाट कायद्यात आहे. पण ती इतकी अडचणीची आणि इतकी तोट्याची आहे की तिच्याकडे वळण्याचे शहाणपण सामान्य माणसाला सुचू नये, अशीच तिची रचना झाली आहे.

अफवांची बाजारपेठ

गेल्या काही वर्षांत मोबाईलवरून फिरणाऱ्या संदेशांनी जुन्या नाण्यांभोवती एक कल्पित बाजार उभा केला आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच वा दहा रुपयांचे नाणे, ७८६ हा आकडा असलेली नोट यांना लाखो रुपये मिळतात, असे हे संदेश सांगतात. वास्तविक पाहता हे सारे चलन मोठ्या संख्येने निघालेले आहे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून बाद झाली, तेव्हापासून तर घरात उरलेली प्रत्येक पावली 'दुर्मिळ' ठरू लागली. चलनातून बाद होणे आणि दुर्मिळ होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढा साधा भेदही या गदारोळात हरवला आहे.

या फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. प्रथम नाण्याचे छायाचित्र मागवले जाते. मग डोळे दिपवणारी किंमत सांगितली जाते आणि त्यानंतर नोंदणी शुल्क, दलाली, वस्तू व सेवा कर अशा निरनिराळ्या नावांनी विक्रेत्याकडूनच पैसे उकळले जातात. काही भामटे थेट रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरू लागल्याने ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर खुलासा करावा लागला. जुन्या नोटा वा नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात बँक नाही, असे कोणतेही शुल्क वा दलाली ती घेत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले होते. परंतु शहरी वाचकांपर्यंत गेलेला हा इशारा गावच्या पारावर किती पोहोचला, याची शंकाच आहे.

याहून घातक प्रकार 'तांदूळ ओढणाऱ्या' नाण्याचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील काही नाण्यांमध्ये इरिडियम नावाचा अद्भुत धातू असून ते तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेते, परदेशी अंतराळ संस्था त्यासाठी कोट्यवधी रुपये मोजायला तयार आहेत, अशी ही थाप. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच थापेवर एका व्यावसायिकाला १ कोटी ४३ लाख रुपयांना गंडवणाऱ्या पिता-पुत्रांना अटक केली होती. किरणोत्सर्गापासून बचाव करणारे म्हणून खास पोषाख घालून नाटक वठवण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. यामागील हातचलाखी मात्र अगदी साधी असते. दाण्यांत लोखंडाचा बारीक कीस किंवा तार मिसळायची आणि नाण्याच्या आत वा खाली चुंबक ठेवायचे, की झाले.

धानाच्या कोठारात राहणाऱ्या माणसाला ही थाप पटावी, हे आश्चर्य खरे. पण ती ज्या नाण्यांच्या आधारे मारली जाते, ती नाणीच मुळात बनावट आहेत. राम-सीता, हनुमान वा कमळ यांची चित्रे असलेली, १६१६, १७१७ किंवा १८१८ अशी साले कोरलेली आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' असे इंग्रजी नाव मिरवणारी ही तांब्याची चकती कोणत्याही टांकसाळीत चलन म्हणून पडलेली नाही. कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकसारखे नाणे सुरू केले ते १८३५ साली. १८१८ साली नागपूर आणि भंडाऱ्याचा मुलूख भोसल्यांकडे होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा वरचष्मा निर्माण झाला असला, तरी राज्य खालसा झाले ते तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर, म्हणजे १८५३ नंतर. तेव्हा १८१८ सालचा कंपनीचा आणा पणजोबांच्या व्यवहारातून घरात आला, ही कथा इतिहासाच्या कसोटीवर टिकतच नाही. इतिहासाचे एवढे एक पान ठाऊक असले, तरी अनेकांची पुंजी वाचू शकते.

गुप्तधनाच्या नावाने होणारे अघोरी प्रकार हे या अफवांचे सर्वात काळे टोक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विधिमंडळाला अशी नोंद करावी लागली, यातच या लोभाचे गांभीर्य दिसून येते.

दुर्मिळ म्हणजे काय?

नाणेसंग्राहकांच्या जगात जुनेपणाला तेवढे महत्त्व नाही, जेवढे ते समजले जाते. दीड हजार वर्षांपूर्वीचे नाणे काही शे रुपयांना मिळू शकते आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या एखाद्या नाण्यासाठी चढाओढ लागू शकते. किती नाणी पाडली गेली, त्यांतली किती उरली, ती कोणत्या टांकसाळीची आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत, यांवर मोल ठरते.

भोकाचा पैसा हे याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई झाली म्हणून १९४३ ते १९४७ या काळात मधोमध भोक असलेला पैसा काढण्यात आला. वृद्धांच्या आठवणीत तो घट्ट बसला आहे, परंतु तो एवढ्या प्रचंड संख्येने पाडला गेला की संग्राहकाच्या लेखी त्याला फारसे मोल नाही. १८६२ सालच्या राणीछाप रुपयाचेही तसेच आहे. त्यावरचे साल पाहून लोक हरखतात. परंतु पुढील अनेक वर्षे टांकसाळींनी तेच साल कायम ठेवून रुपये पाडले. त्यामुळे तो सर्वत्र आढळतो. त्यातील ठशाचे काही सूक्ष्म भेद मात्र दुर्मिळ आहेत आणि ते जाणकारालाच कळतात.

१९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कहाणी अधिक रंजक आहे. बादशहाच्या अंगरख्यावर कोरलेला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सातेक लाख लोकांच्या हाती गेले आणि उरलेले परत टांकसाळीच्या भट्टीत गेले. पुढल्या वर्षी ठसा बदलण्यात आला. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया तर त्याहूनही विरळा. युद्धाच्या तोंडावर पाडलेले हे रुपये फारसे चलनात आलेच नाहीत आणि बहुतेक वितळवले गेले. साहजिकच बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत. शेवटचा आकडा कोरून ३८ चे ३९ करणारे कारागीरही कमी नाहीत.

चांदीच्या रुपयाची प्राथमिक पारख घरीही होऊ शकते. १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर, पन्नास टक्क्यांवर आणण्यात आले आणि १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा. सराफाकडे 'जुना रुपया' म्हणून या तिन्हींचा एकच भाव होऊ शकत नाही, एवढे तरी विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

घराघरांत नाण्यांचे मोल घटवणाऱ्या दोन सवयी आहेत. पहिली, हारात ओवण्यासाठी नाण्याला कडी डागून घेण्याची. डाग दिलेले नाणे दागिना म्हणून मिरवते, पण संग्राहकाच्या दृष्टीने ते बाद होते. दुसरी सवय लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीची. चिंच, लिंबू वा राखेने घासून नाणी लखलखीत केली जातात. शेकडो वर्षांत नाण्यावर जमलेला काळपट वा हिरवट थर हा त्याच्या अस्सलपणाचा दाखला असतो. तो घासला की अक्षरेही झिजतात आणि दाखलाही जातो.

भोसल्यांच्या काळातील नाण्यांची उपेक्षा याहून वेगळ्या कारणाने होते. नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवर त्यांचे स्वतःचे नाव नसे. मोगल बादशहांच्या नावाने, फारसी अक्षरांत ती पाडली जात. ठसा मोठा आणि नाणे लहान असल्याने मजकुराचा जेमतेम तुकडाच त्यावर उमटे. अशी ओबडधोबड, जाडसर चकती हाती आली की 'उर्दू नाणे' म्हणून तिची बोळवण होते. ज्या राज्याने शंभराहून अधिक वर्षे या मुलखावर अंमल केला, त्याच्याच चलनाला त्याच्या प्रजेचे वारस ओळखत नाहीत.

मातीतला पुरावा

भंडाऱ्याच्या उत्तरेला मोहाडी, तर दक्षिणेला पवनी. दोन्ही गावांना वैनगंगेचाच शेजार. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि मौर्य-सातवाहन काळातील भव्य बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथील शिलालेखांत भार वंशातील राजा भगदत्ताचे आणि महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचे नाव वाचायला मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी हे व्यापारी आणि राजकीय वर्दळीचे केंद्र होते, याविषयी आता दुमत नाही. जेथे व्यापार तेथे चलन आलेच. पवनीच्या परिसरात सापडलेल्या प्राचीन नाण्यांनी या चित्रात रंग भरले आहेत. त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोहाडी-तुमसर पट्ट्याची जमीन याबाबत मुकी असेल, असे मानण्याचे कारण नाही.

नाणी काय बोलू शकतात, हे विदर्भानेच जगाला दाखवून दिले आहे. १९३९ साली तत्कालीन अकोला व आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावी जमिनीतून दीड हजारांवर नाणी निघाली. ती सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. तांबे, कथील व शिसे यांच्या 'पोटीन' नावाच्या मिश्रणातून पाडलेली ती काळपट नाणी होती. नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला तेव्हा ती सातवाहन राजांची असल्याचे सिद्ध झाले. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावे परिचित होतीच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी, पुराणांतील वंशावळींत कोठेच न आढळणारी नावेही त्यांवर वाचता आली. ज्या राजांची पुराणांनी दखल घेतली नाही, त्यांना एका खेड्यातील मिश्र धातूच्या चकत्यांनी इतिहासात जागा मिळवून दिली.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीचा साठा त्याआधीचा, १९०६ सालचा. तेथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनाने क्षत्रपाचा पराभव केला, याचा यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कोणता असणार? येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. ही नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर प्रत्येकाला बाजारात किंमत मिळालीच असती. पण किती नाणी पुन्हा ठोकलेली आणि किती मूळची, हे प्रमाण कळले नसते. सारा साठा एकत्र, एका ठिकाणी, अभ्यासकांच्या हाती लागला म्हणून ते कळले.

नाण्याच्या मोलाची तिसरी पातळी ती हीच. धातूचे मोल वजनकाट्यावर कळते, बाजाराचे मोल लिलावात कळते. इतिहासाचे मोल मात्र नाणे कोणत्या गावच्या कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशासोबत सापडले या माहितीत असते. भंगाराच्या दुकानात ते नाणे पोहोचले की ही माहिती कायमची पुसली जाते. मग ते नाणे पुढे एखाद्या रसिक संग्राहकाच्या हाती सुखरूप पडले, तरी त्याचे गाव त्याला परत मिळत नाही.

कायदा काय देतो?

जमिनीत सापडलेल्या धनाबाबत आजही आधार आहे तो १८७८ सालच्या निखात निधी अधिनियमाचा. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली, तर सापडणाऱ्याने ती कोठे, केव्हा, काय स्वरूपात सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचे. त्यानंतर जाहीर सूचना निघते. दावेदारांना हजर राहण्यासाठी किमान चार महिन्यांची मुदत मिळते. गेल्या शंभर वर्षांत कुणी ते धन पुरल्याचे सिद्ध झाले नाही, तर ते बेवारस ठरते. जागेचा मालक वेगळा असेल आणि दोघांत काही करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश, अशी विभागणी होते.

कळवले नाही, तर मात्र त्या धनावरील हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद वा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

यातील दहा रुपयांच्या मर्यादेकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदीचे नाणे. शेतमजुराच्या दृष्टीने ती मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एक कप चहा येतो. परिणामी, नांगराला लागलेला एखादा जुना पैसाही अक्षरशः कायद्याच्या कक्षेत येतो आणि सामान्य शेतकरी नकळत गुन्हेगार ठरतो. जो कायदा पाळणे व्यवहारात अशक्य असते, तो कोणीच पाळत नाही, आणि मग तो ज्यांनी पाळायला हवा त्यांच्यावरही त्याचा धाक उरत नाही.

परंतु सर्वात मोठी मेख मोबदल्याच्या कलमात आहे. शासनाला ते धन संग्रहालयासाठी हवे असेल, तर हक्कदारांना द्यायची रक्कम ठरते ती त्यातील धातूच्या किमतीवर. धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक, एवढाच मोबदला. दुर्मिळता, प्राचीनता, ऐतिहासिक महत्त्व यांचा हिशेब या कलमात नाही.

सोन्याच्या मोहरांना हे सूत्र लावले, तर निदान सोन्याचा भाव मिळेल. तऱ्हाळ्याच्या नाण्यांना लावले तर काय होईल? दीड हजार पोटीन नाण्यांचे एकूण वजन काही किलोच भरेल. तांबे-शिशाच्या भंगाराचा भाव आणि वर वीस टक्के, त्यातही जागेच्या मालकाचा चौथा हिस्सा. या रकमेसाठी मोहाडीच्या शेतकऱ्याने तहसील कार्यालय, भंडाऱ्याचे जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे व पंचनामा असे फेरे मारावेत आणि शेतात खोदकामाची बंदी ओढवण्याची भीती पत्करावी, अशी अपेक्षा हा कायदा करतो. उलट भंगारवाला तेवढेच पैसे जागेवर, रोख आणि काहीही न विचारता देतो. प्रामाणिकपणा आणि तोटा यांची सांगड कायद्यानेच घातली असेल, तर माणसांना दोष देऊन काय उपयोग?

१९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुने नाणे त्याच्या व्याख्येनुसार पुराणवस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वाडवडिलांकडून आलेली नाणी घरात बाळगणे मात्र गुन्हा नाही. नोंदणीची सक्ती प्रामुख्याने मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा वस्तूंना आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेक कुटुंबे आपल्याकडील नाणी जाणकारांना दाखवायलाही घाबरतात, आणि या भीतीचा नेमका फायदा दलाल उठवतात. 'पोलिसांना कळले तर अडचण होईल, त्यापेक्षा मला द्या' हे वाक्य त्यांच्या फार कामी येते.

इंग्लंडचा अनुभव

ज्या इंग्रजांनी हा कायदा येथे केला, त्यांनी आपल्या देशातील व्यवस्था मात्र काळानुसार बदलली. इंग्लंडमध्ये १९९६ साली नवा निधी कायदा झाला. संग्रहालयाने वस्तू घेतली तर तज्ज्ञांची समिती तिची बाजारभावाप्रमाणे किंमत ठरवते आणि ती रक्कम सापडणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. याखेरीज १९९७ पासून कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या किरकोळ वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली. ठिकठिकाणी नेमलेले अधिकारी वस्तू पाहतात, तिचे छायाचित्र व सापडल्याचे ठिकाण नोंदवतात आणि बहुतेक वेळा ती परत देतात. या योजनेत आजवर दहा लाखांहून कितीतरी अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. इतिहासकारांना हवी असलेली माहिती मिळते आणि वस्तू सापडलेल्या माणसाचाही मान राहतो.

ही व्यवस्था जशीच्या तशी येथे आणावी, असे म्हणता येणार नाही. बाजारभाव द्यायचा ठरला तर धातुशोधक यंत्रे घेऊन टेकड्या पोखरणाऱ्या टोळ्यांना मोकळे रान मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. गुप्तधनाच्या लोभाने होणारे प्रकार पाहता ती भीती निराधार नाही. शासनाच्या तिजोरीवर पडणारा भार हाही मुद्दा आहेच. परंतु शेतीच्या वा बांधकामाच्या ओघात अनायासे सापडलेले धन आणि हेतुपुरस्सर केलेली खोदाई यांत भेद करता येतो. पहिल्याला वाजवी बक्षीस आणि दुसऱ्याला कठोर शिक्षा, असे धोरण आखणे अवघड नाही. संरक्षित स्थळांवरील खोदाईला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने आजही मनाई आहेच.

तालुक्यातच उत्तर हवे

कायदा बदलण्याचे काम दिल्लीचे. त्याला वेळ लागेल. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. खरी उणीव आहे ती ओळख पटवणाऱ्या जागेची. नाणे सापडले तर दाखवायचे कोणाला, याचे खात्रीचे उत्तर आज मोहाडीतल्या माणसाकडे नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा अजबबंगला, १८६३ पासून उभा आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. ज्ञान राज्यात उपलब्ध आहे, फक्त ते बांधीच्या धुऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

संग्रहालयाच्या जाणकारांनी वर्षातून एक-दोनदा तालुक्याच्या ठिकाणी येऊन लोकांची नाणी पाहावीत, त्यांची छायाचित्रे व वजने नोंदवावीत, खरे-खोटे सांगावे आणि नाणी त्यांच्या मालकांना परत द्यावीत, एवढा उपक्रमही पुरेसा फरक घडवू शकतो. चौंडेश्वरीच्या यात्रेच्या निमित्ताने मोहाडीत पंचक्रोशी लोटते. अशा वेळी एक मंडप यासाठी उभारणे प्रशासनाला जड जाऊ नये. तलाठी, पोलीस पाटील आणि शिक्षक यांना नाणे सापडल्यास काय करावे व काय करू नये, याची पानभर माहिती दिली, तरी निम्मे काम होईल. नाणे घासू नये, साठा फोडू नये, जागा लक्षात ठेवावी, छायाचित्र काढावे आणि कोणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत, एवढ्या पाच सूचना त्यात पुरे आहेत.

सराफ आणि भंगार व्यावसायिक यांनाही यात सामील करून घ्यावे लागेल. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांचे शहर अशी आहे. तांबे-पितळेच्या मोडीचा व्यवहार या जिल्ह्याच्या हाडीमाशी खिळला आहे. भट्टीत टाकण्यापूर्वी जुनी नाणी वेगळी काढून ठेवा आणि कळवा, असे साकडे या व्यावसायिकांना घातले आणि त्यांना धातूच्या भावापेक्षा थोडी अधिक रक्कम मिळण्याची सोय केली, तर ते सर्वात उपयोगी पहारेकरी ठरू शकतात.

वेळ मात्र फारसा उरलेला नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या पाण्याखाली वैनगंगेच्या काठची अनेक गावे गेली. कालवे, रस्ते आणि रेतीउपशाची यंत्रे जमिनीचे थर ज्या वेगाने उलथत आहेत, तो वेग उत्खननाच्या खुरप्याला कधीच गाठता येणार नाही. एखादे तऱ्हाळा मोहाडीच्या शिवारात दडलेले असेल, तर ते उद्या एखाद्या यंत्राच्या दातात सापडेल, आणि ते पाहणारा माणूस असेल एखादा शेतमजूर किंवा यंत्रचालक. त्या क्षणी त्याला भंगारवाला आठवतो की तहसील कार्यालय, यावर कुंभ सातकर्णीसारख्या आणखी एखाद्या राजाचे नाव वाचले जाणार की वितळणार, हे ठरणार आहे. त्याला तहसील कार्यालय आठवावे, अशी सोय करणे ही शासनाची जबाबदारी आहे.